काटकोन मिस्त्रींचं टेबल

मिस्त्रींना सगळे जण काटकोन म्हणत. तोंडावर मिस्त्री, पाठ फिरली की काटकोन. माणूसच तसा. कुणाच्या घरी गेले तर पाणी प्यायच्या आधी दाराची चौकट बघणार. आजाऱ्याला भेटायला गेले तर आधी खाटेचा पाय हलवून बघणार आणि मग विचारणार, "आता बरं आहे ना?" एकदा फोटो काढायला नेऊन उभं केलं, तर फोटोवाल्यालाच सांगितलं, "तुमचा मागचा पडदा डावीकडे बोटभर उतरलाय." बायको म्हणायची, "नशीब, माझं नाक सरळ होतं. नाहीतर पहिल्याच दिवशी रंधा फिरवला असता."

पंचेचाळीस वर्षं त्यांनी सुतारकाम केलं आणि एक हट्ट कधी सोडला नाही. लाकडाला लाकडानंच धरायचं. एका लाकडाचं टोक तासून त्याची जीभ काढायची, दुसऱ्या लाकडात बरोबर तेवढीच खाच पाडायची आणि जीभ खाचेत ठोकून बसवायची. त्या जिभेला कुसू म्हणतात. कुसू असं बसलं पाहिजे की मुंगीलाही आत शिरायला वाट सापडू नये. ढिलं झालं तर ते लाकूड बाजूला टाकायचं आणि नवं घ्यायचं. एकदा हाताखालच्या एका कारागिरानं ढिल्या कुसवाशेजारी लाकडाची कपची कोंबून भागवलं होतं. मिस्त्रींनी त्याला डबा उघडायच्या आधी घरी पाठवला. वर ऐकवलं, "काडी दातात घालतात रे, लाकडात नाही!"

पुढे गुडघे बोलायला लागले आणि दुकान बंद झालं. अवजारं घराच्या मागच्या खोलीत आली. डॉक्टरांनी चष्मा दिला होता, तो उशाशेजारच्या फळीवर घडी घालून पडलेला असे. चष्मा पेपर वाचायला, लाकूड बोटांनी वाचायचं असतं, हे त्यांचं म्हणणं. पेपरही ते वाचत नसत, हा भाग वेगळा.

त्यांना लेक एकच. तीही चाळिशीला आलेली, दोन गल्ल्या सोडून राहायची. दातांच्या कवळ्या घडवतात तिथं ती कामाला होती. बाप जन्मभर लाकडातल्या फटी बुजवत होता, लेक लोकांच्या तोंडातल्या बुजवायची. खुद्द मिस्त्रींची कवळी तिनंच केलेली, आणि ती अशी बसली होती की बायकोशी भांडतानाही जागची हलत नव्हती.

तर या लेकीला एक नाद लागला. खोक्यांतून सुटे भाग मागवून तिनं पाच रविवार बसून एक यंत्र जोडलं. दोन रूळ, रुळांवर सरकणारा आडवा पूल, पुलाला टांगलेली मोटार आणि मोटारीच्या तोंडी पेन्सिलीएवढं पातं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, की ते पातं फिरत फिरत तेच चित्र लाकडावर कोरतं. सीएनसी म्हणतात त्याला. मिस्त्री त्याला सुतारपक्षी म्हणायचे.

"बाबा, याला टेबल तुम्ही करा," लेक म्हणाली. "विकतची बघून आले. सगळी भातुकलीतली. याला जराही हलणारं चालत नाही."

तिनं कागदावर नकाशा काढून आणला होता. चार इंच जाडीचे पाय, वर जाड प्लायवुडचे दोन थर, खाली वाळूच्या पिशव्या ठेवायला फळी. मिस्त्रींनी कागद हातभर लांब धरून पाहिला.

"हे बोल्ट कशाला?"

"आवळायला. यंत्र थरथरतं ना, सांधा सैल पडला तर पान्यानं आवळता येतो."

"माझा सांधा सैल पडतो?"

"तसं नाही हो."

"आणि या मागच्या तिरक्या पट्ट्या? टेबल करायचंय की लंगड्याला कुबड्या?"

"मोटार डावी-उजवीकडे झटके मारते, बाबा. आडवा धक्का बसतो."

"अगं, माझ्या टेबलांवर उभं राहून लोक पंखे लावतात!"

लेकीनं कागदाची घडी केली. "बरं. तुम्हाला जे कळतं ते मला थोडंच कळणार." हे ती मनापासून म्हणाली. टोमणा असता तर पुढं मिस्त्रींना इतकं जड गेलं नसतं.

आठवडाभर मागच्या खोलीत भुसा उडत होता. तीन पाय असे बसले की बघत राहावं. चौथ्याला घोळ झाला. करवत रेघेच्या बाहेरून चालवायची असते, कापून झाल्यावरही रेघ लाकडावर राहिली पाहिजे. पण रेघ दिसली तर राहील! कुसू अर्ध्या सुतानं बारीक कापलं गेलं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, त्याचाही अर्धा. ऐकायला काही नाही, पण ठोकून बसायचं ते कुसू न बोलावलेल्या पाहुण्यासारखं सरळ आत चालत गेलं.

मिस्त्री स्टुलावर बसले. कोपऱ्यात लाकूड शिल्लक होतं. कुसू होतं ती आडवी पट्टी नव्यानं कापायची म्हणजे एका दिवसाचं काम. पण चार वाजता लेक आणि जावई टेम्पो घेऊन येणार होते, आणि "शनिवारी चारला न्या" हे त्यांनीच छाती पुढं काढून सांगितलं होतं. आतून बायकोची हाक आली, "झालं का हो?"

"झालंच!" मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी एक पातळ कपची तासली, सरसात बुडवली आणि कुसवाशेजारी दाबून बसवली. फटीत भुसा आणि सरस कालवून भरला, वरून घासून पॉलिश लावलं. खोलीत कुणी नव्हतं, तरी मधेच एकदा त्यांनी मागे वळून पाहिलं.

टेबल लेकीच्या घरी जागेवर लागलं. जावई माणूस हसरा, जोडे काढून वर चढला. "मामा, नाचू का?"

"नाचा की."

जावई नाचला. टेबल ढिम्म हललं नाही. मिस्त्रींना वाटलं, चला, झाकली मूठ. पण वरून पडणारं वजन वेगळं आणि बाजूनं बसणारा धक्का वेगळा. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. त्या दिवशी कळून घ्यायचं नव्हतं, एवढंच.

पहिले पंधरा दिवस छान गेले. यंत्रानं पाव तासात एक पान कोरलं, शिरांसकट. मिस्त्रींच्या बायकोनं ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि म्हणाली, "अहो, तुम्हाला याला दोन दिवस लागायचे."

"हे पान वाळलेलं दिसतंय," मिस्त्री म्हणाले.

तिसऱ्या आठवड्यात गडबड सुरू झाली. सरळ रेघेच्या कडेला बारीक लाटा उठायला लागल्या. गोल काढावा तर तो अंड्याकडे झुकायचा. लेकीनं पातं बदललं, पट्टे आवळले, रुळांना तेल दिलं. मिस्त्री सहजच तिच्याकडे गेले होते. यंत्र चालू असताना त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यावर तळवा ठेवला. मागचा उजवा पाय बोलत होता. मोटार वळली की टक, परत वळली की टक. डोळ्यांना दिसलं नसतं, पण हाताला कळलं. कपची सुटली होती.

आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मिस्त्रींना आधी काय वाटलं? बरं वाटलं. पाव तासात पान कोरणाऱ्याची खोड मोडली म्हणून आत कुठंतरी गुदगुली झाली. मग त्यांचं लक्ष लेकीकडे गेलं. ती मान वाकवून स्क्रू शोधत होती. मिस्त्रींनी तळवा उचलून खिशात घातला, जणू तिथं काही लागलं होतं.

पुढं लेकीनं ते यंत्र एकदा नाही, तीनदा खोललं. कामावरून आली की हात धुऊन थेट यंत्राच्या खोलीत. सगळे भाग चादरीवर मांडायचे, पुसायचे, मोजायचे, परत जोडायचे. मिस्त्री जवळच खुर्ची टाकून बसायचे. घरी बसवेना आणि तिथंही बसवेना. एकदा स्क्रू घरंगळत त्यांच्या पायाशी आला तो त्यांनी उचलून दिला. "थँक्यू बाबा," ती म्हणाली. तो स्क्रू मिस्त्रींना कुदळीएवढा जड लागला.

एका संध्याकाळी चहा घेताना जावई बोलून गेला, "मी काय म्हणतो, टेबलच तर हलत नसेल?"

मिस्त्रींचा कप ओठाशी थांबला.

"बाबांच्या टेबलाला नावं ठेवू नकोस हं," लेक फटकन म्हणाली. "मला नाचता येईना म्हणून अंगण वाकडं म्हणू? या घरात एकच वस्तू तपासायची गरज नाही, ती म्हणजे ते टेबल."

"राहिलं! मी आपलं बोललो," जावई हसून म्हणाला. "मामा, बिस्कीट घ्या."

मिस्त्रींनी बिस्कीट घेतलं. ते चहात बुडवलं आणि तिथंच विरघळून बुडालं. अंगण वाकडं आहे गं बाई, हे पाच शब्द तेव्हा तोंडातून निघाले असते तर गोष्ट तिथंच मिटली असती. त्याऐवजी ते म्हणाले, "फरशीचा उतार बघितलास का?" लेकीनं बिचारीनं दुसऱ्या दिवशी पाणसळ लावून सगळी फरशी तपासली.

घरी मिस्त्रींचं जेवण निम्म्यावर आलं. बायको दोन-चार दिवस बघत होती. मग तिनं ताट पुढं सरकवलं आणि म्हणाली, "खाई त्याला खवखवे. काय खाल्लंय?"

"कुठं काय."

"तिकडून आलात की मागच्या खोलीत जाऊन नुसते उभे राहता. टेबलाचं काहीतरी आहे."

मिस्त्रींनी तोंड उघडलं. तिनं हात वर केला. "मला सांगू नका. मला सांगितलंत तर तुमचं ओझं उतरेल, तिचं आहे तिथंच राहील."

पंचेचाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चौकटी तपासणाऱ्या माणसानं मान खाली घालून ताट पुढं ओढलं.

त्यानंतरच्या गुरुवारी ते गेले तर यंत्रावर चादर टाकलेली. लेक पोळ्या लाटत होती.

"देऊन टाकतेय, बाबा," ती म्हणाली. "तंत्रशाळेतले एक शिक्षक रविवारी येऊन नेणार आहेत. पोरं तरी शिकतील."

"का? इतकं जोडलंस..."

"जोडलं, पण जमलं नाही. दीड महिना झाला. सगळं बदलून झालं, आता बदलायची राहिलेय ती मीच." ती हसली, पण पोळीकडे बघूनच. "तुम्ही म्हणायचात ना, माझा हात सरळ नाही."

"मी? कधी?"

"मी दहा वर्षांची होते. ते स्टूल केलं होतं मी. डुगडुगत होतं. गिऱ्हाईक बसलं होतं, त्याला तुम्ही म्हणालात, हिचा हात सरळ नाही, हिला गणित शिकवू. आणि माझ्या हातातून पटाशी काढून घेतलीत."

मिस्त्रींना स्टूल आठवेना, गिऱ्हाईक आठवेना. पटाशी मात्र आठवली, तिची मूठ तेव्हा नवी होती. तीस वर्षं ही पोर ते वाक्य सांभाळून होती आणि आता त्यांच्याच कपचीनं ते खरं करून दाखवलं होतं. ते चहा न घेता उठले. "गुडघा दुखतोय," म्हणाले. तेवढं तरी खरं होतं.

रात्रभर त्यांनी एक तोडगा काढला. लेक शनिवारी दुपारपर्यंत कामावर असते. तेवढ्यात जायचं, सांध्याला लोखंडी कोन मारायचा आणि गप्प परत यायचं. संध्याकाळी म्हणायचं, देण्याआधी एकदा चालवून तर बघ. टेबल नीट, यंत्र नीट, लेक खूश, आणि झाकलेली मूठ झाकलेलीच. शनिवारी सकाळी पिशवीत ते लोखंडी कोन टाकताना मात्र त्यांना कसंसंच झालं. जन्मात पहिल्यांदा ते असलं काही घेऊन निघाले होते, आणि तेही चोरून.

जावयानं दार उघडलं. "टेबल जरा पुसून घेतो, उद्या माणसं येणार," मिस्त्री म्हणाले. जावई म्हणाला, "पुसा की, मी बाजारात जाऊन येतो," आणि पिशवी घेऊन गेला. मिस्त्री गुडघे धरत, देवाचं नाव घेत टेबलाखाली शिरले. कोन लावून पाहिला. स्क्रूची जागा दिसेना. चष्मा घरी फळीवर. बोटानं चाचपून स्क्रू टेकवला, तो घसरला. परत टेकवला, परत घसरला. पाय हातानं हलवून पाहिला, तर बाहेरून लावलेल्या पॉलिशमधून बारीक भुसा त्यांच्या मनगटावर सांडला.

"बाबा?"

लेकीच्या चपला दारात दिसल्या. आज लवकर सुटली होती.

"टेबलाखाली काय करताय? गुडघे तुमचे..." ती वाकली. "उगाच तपासत बसू नका. टेबलात काही नाही, मला माहितेय."

मिस्त्रींना सोपं होतं. "हो, बघून घेतलं, काही नाही," एवढं म्हणून बाहेर यायचं. उद्या टेम्पो आला असता, यंत्र गेलं असतं, आणि टेबल लेकीनं कौतुकानं जपून ठेवलं असतं.

"आहे," ते म्हणाले. "इथं ये. बोट ठेव. या सांध्यावर."

ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं बोट ठेवलं. मिस्त्रींनी पाय ढकलला.

"परत," ती म्हणाली.

त्यांनी परत ढकलला. केसाएवढी फटही तिच्या बोटाला कळायची, तो तिचा पोटापाण्याचा धंदा. नखानं तिनं पॉलिश खरवडलं, भुशाचा लगदा निघाला, आणि आतून कपचीची कड दिसली.

"हे काय आहे?"

"कपची."

तिला कपचीचा अर्थ कुणी सांगायला नको होता. त्या दुकानातच ती वाढली होती.

"कधीपासून माहीत होतं?"

"घातली त्या दिवसापासून. सुटलीय हे कळलं त्याला महिना झाला."

"महिना." ती मागे सरकून भिंतीला टेकली. "मी तीनदा खोललं ते. तुम्ही तिथं खुर्चीत बसून चहा पीत होतात. फरशी मोजायला लावलीत मला."

"हो."

"का, बाबा?"

कारणं होती. डोळे होते, गुडघे होते, चार वाजले होते, टेम्पो आला होता. एकेक कारण ओठापर्यंत आलं आणि तिनंच केलेल्या कवळीच्या आत परत गेलं.

"लाज वाटली," मिस्त्री म्हणाले. मग म्हणाले, "आणि आधी जरा बरंही वाटलं."

"कशाचं बरं?"

"यंत्राला जमत नाही याचं."

ती रडली असती तर मिस्त्रींना डोक्यावरून हात फिरवता आला असता. ओरडली असती तर मान खाली घालता आली असती. तिनं दोन्ही केलं नाही. ती उठली, त्यांना हात देऊन बाहेर काढलं, पाठीवरचा भुसा झटकला आणि म्हणाली, "घरी जा."

संध्याकाळी फोन आला तो बायकोनं घेतला. हं, हं करत ऐकलं आणि ठेवला.

"शिक्षकांना येऊ नका म्हणून सांगितलंय," ती म्हणाली. "आणि तुम्हाला उद्या नऊला बोलावलंय. चष्मा घेऊन."

"रागात होती?"

"मग काय आरती ओवाळेल?"

रविवारी नऊला मिस्त्री हजर झाले, डोळ्यांवर चष्मा. यंत्र खाली उतरवून ठेवलं होतं. लेकीनं करवत त्यांच्या हातात दिली. "तुम्हीच कापा." मिस्त्रींनी आपला सांधा आपल्या हातानं कापला. चष्म्यातून रेघ लख्ख दिसत होती, आणि हेच त्यांना सोसवत नव्हतं. नवी आडवी पट्टी लेकीनं मापली, छिद्रं तिनं पाडली, बोल्ट तिनं घातले. मागं तिरक्या पट्ट्या आल्या, खाली वाळूच्या पिशव्या आल्या. दिवसभरात ती त्यांच्याशी तीनच शब्द बोलली, धरा, सोडा आणि सरका. मिस्त्री धरत होते, सोडत होते, सरकत होते.

चारच्या सुमाराला यंत्र वर चढलं. तिनं एक गोल कापला आणि माप लावून उभा-आडवा मोजला. आकडा कागदावर लिहिला, गोल फिरवून परत मोजला, परत तोच आकडा. जावयानं टाळी वाजवली. मिस्त्रींना पुष्कळ म्हणायचं होतं, पण आज म्हणायचा हक्क आपला नाही, हे कळण्याइतके ते शहाणे झाले होते.

लेकीनं पाना खाली ठेवला. "बाकीच्या तीन पायांत काही आहे?"

"नाही."

"नक्की?"

पंचेचाळीस वर्षांत हा शब्द त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांच्या जिभेवर नेहमीचं आलं होतं, माझ्या कामाला नक्की विचारतेस? ते त्यांनी गिळलं.

"नक्की," ते म्हणाले. "पण तू बघून घे."

त्यांना वाटलं, राहू दे म्हणेल. तिनं राहू दे म्हटलं नाही. बॅटरी त्यांच्या हातात दिली, टेबलाखाली उताणी झोपली आणि एकेका सांध्यावर नख फिरवून बघायला लागली.

"इकडे," ती म्हणाली.

मिस्त्रींनी उजेड तिकडे धरला.